कार्डाच्या दातांना एक थेंब

कार्ड अर्धं खाचेत गेलं आहे, अर्धं बाहेर आहे. डाव्या हातानं ते धरून ठेवलं आहे आणि उजव्या हातानं तुम्हाला लिहितो आहे, कारण तुमची बहीण बॅटरी (हातातली, उजेडाची) आणायला स्वयंपाकघरात गेली ती अजून आलेली नाही. तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार; तो पहिल्या ओळीत हवा होता, पण पहिल्या ओळीत कार्ड होतं. गुडघा कसा आहे? पट्टी वहिनींना बांधू देता की अजून स्वतःच बांधता? स्वतः बांधू नका. ज्याचं काम त्यानंच करावं, असं माझं मत आहे. (या पत्रातल्या कामाला ते लागू नाही.) फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं, आणि तुमच्या बहिणीचे कान तुम्ही जाणता.

तुम्ही जन्मभर कॉम्प्युटर दुरुस्त केलेत, तेव्हा थोडक्यात सांगतो. परवा आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या रेषा आल्या. जुनं ग्राफिक्स कार्ड गेलं. एरवी मी म्हणालो असतो, जाऊ दे. पण हिनं गेल्या महिन्यात फर्निचरच्या दुकानातली नोकरी सोडली, आता लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं ती घरीच काढते, आणि उद्या अकराला तिचं स्वतःचं पहिलं गिऱ्हाईक ते चित्र पडद्यावर फिरवून बघायला येणार आहे. नवं कार्ड आज आणलं. ते बसवणारा दुकानातला माणूस उद्या बाराला मोकळा. अकरा आणि बारा यांतला फरक चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर मला कुणी शिकवायला नको. मी म्हणालो, मी बसवतो. ती म्हणाली, "घड्याळ नव्हे ते." मी म्हणालो, घड्याळापेक्षा मोठं आहे, म्हणजे सोपं.

आणि सोपंच आहे. घड्याळ पाठीतून उघडतं, कॉम्प्युटर कुशीतून, एवढाच फरक. स्क्रू काढले तसे पांढऱ्या रुमालावर ओळीनं मांडले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा घातला. (रुमाल हिचा होता. तो विषय झाला.) अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतं. कार्डाला तीन पंखे आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. खाच मात्र घट्ट. इथे दुसरा कुणी असता तर त्यानं जोर लावला असता. पण जोर लावतो तो कारागीर नव्हे, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. मी कपाटातून घड्याळाच्या तेलाची बाटली काढली, सुईच्या टोकावर थेंबाचा चौथा हिस्सा घेतला आणि दातांवरून एकसारखा फिरवला. अर्धं कार्ड लोण्यासारखं आत गेलं. उरलेल्या अर्ध्यासाठी उजेड हवा आहे. बॅटरी आली. थांबतो.

बसलं. ‘टक्’ असा आवाज झाला, आमच्या धंद्यात ज्याची वाट बघतात तसा. विजेची वायर जोडली, बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरू लागले, इतके बिनआवाज की मी कान लावून खात्री केली. पडदा काळा आहे. पण अगदी स्वच्छ काळा. परवाच्या रेषांचा मागमूस नाही. हे मी हिला दाखवलं. ती म्हणाली, "रेषा गेल्या खऱ्या. सोबत चित्रही घेऊन गेल्या."

त्यानंतर मी कार्ड चार वेळा काढून चार वेळा बसवलं, दर वेळी नवा थेंब. दुकानातल्या माणसाला फोन केला. त्यानं विचारलं, पडद्याची वायर नव्या कार्डाला लावली का? लावली होती. त्यानं विचारलं, सगळं कोरडं आहे ना? मी म्हणालो, टेबलावर पाणी कुठून येणार? तो म्हणाला, मग उद्या बाराला बघू.

आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. ही स्टुलावर बसून मापाची टेप ओढते आणि सोडते, ओढते आणि सोडते. ती अशी हातांना चाळा लावून बसली म्हणजे काय, हे तुम्ही लहानपणापासून बघितलं आहे. नोकरी सोडू का, असं तिनं मला तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा मी म्हणालो होतो, सोड, मी आहे ना. तेव्हा उद्या दहाच्या आत हा पडदा लागेल. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. : पत्र संपवल्यावर कार्डाच्या खोक्याच्या तळाशी घडी घातलेला कागद सापडला. पाचवी सूचना अशी : सोनेरी भागाला बोट, पाणी किंवा तेल लागू देऊ नये. तेल हा शब्द छापलेला आहे. म्हणजे पूर्वी कुणीतरी लावलेलं असणार. मी पहिला नाही. तरीही एक विनंती, आणि आता खरं तर त्यासाठीच हे पत्र पाठवतो आहे. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा ही तुम्हाला विचारेल. कार्ड मुळातच खराब निघालं असेल, असं होतं कधीकधी, एवढं म्हणावं. तुमचा शब्द ती मानते. तेलाचा उल्लेख नसावा.

ता. क. दुसरा, सकाळी : पत्र रात्रभर टेबलावर उघडं राहिलं. तुमची बहीण माझ्याआधी उठते, हे मी विसरलो. सातला तिनं दुकानातल्या माणसाला फोन करून या पत्रातला तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, खोडरबर. तिनं नकाशाच्या खोडरबरानं दात घासले, खाच कोऱ्या ब्रशनं पुसली आणि कार्ड जोर लावून बसवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पडदा लागला. गिऱ्हाईक अकराला तीन मिनिटं कमी असताना आलं. ओटा दोन इंच उंच हवा, बाकी सगळं पसंत. मी चहा केला. पत्र आहे तसं पाठवायचं, एक ओळही खोडायची नाही, असं तिनं सांगितलं आहे. तेलाची बाटली कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे.