मालधक्क्याच्या दारातून

१२ जानेवारी २०१९, शनिवार
दुसरा रूळ बसला. वळणावर इंजिन तीनदा घसरलं, चौथ्यांदा गेलं. एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. वरून बायको, रोझविटा, ओरडली, "तळघरातल्या प्रवाशांना जेवायला किती वाजता पाठवू?"
तिला हसू दे. आमच्या गावचं लुटरबेक स्टेशन उभं राहतंय — १९५६ सालचं, जसंच्या तसं, सत्त्याऐंशी पटीने लहान. खरं स्टेशन बंद होऊन तीस वर्षं झाली. आता तिथे सायकलवाट आहे.

१९ जानेवारी, शनिवार
लहानपणचा मित्र बुर्कहार्ड आला. आयुष्यभर जमिनी मोजल्या त्याने, आता माझी मोजतो. रेल्वेच्या दप्तरातून १९५४ चा नकाशा मिळवलाय. मालधक्का, म्हणजे माल ठेवायचं कोठार, मी बोटभर चुकीच्या जागी ठेवला होता. "अरे, बोटभर म्हणजे खऱ्यातला दीड मीटर. माणूस रुळावर पडेल." उखडला, पुन्हा चिकटवला. जेवायला कोबी आणि सॉसेज. बुर्कहार्डने तीनदा घेतलं.

२६ जानेवारी, शनिवार
पाण्याचा टॉवर झाला! विटा एकेक रंगवल्या. डोळे गेले, पण टॉवर सुरेख.

२ फेब्रुवारी, शनिवार
सिग्नल बसवला. तारेने ओढला की हात हलतो. आडवा म्हणजे थांब, तिरपा वर म्हणजे जा. जिथून सिग्नलचा लीव्हर ओढतात त्या केबिनमध्ये आजोबा बसवले — अल्ब्रेख्ट डेटमर, आईचे वडील, वीस वर्षं त्या केबिनचे राजे. बाहुलीला मिशाही रंगवल्या.
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ईस्टरला मांडायचं ठरलंय. सगळं गाव येणार.

९ फेब्रुवारी, शनिवार
आज बाबांना जागेवर उभं केलं. बाबा म्हणजे एवाल्ड हासेलब्रिंग, तेव्हा साधे हमाल. त्यांची जागा मला लहानपणापासून पाठ. ते प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला सांगायचे — नोव्हेंबर १९५६, स्वच्छ थंडी, मी मालधक्क्याच्या दारात, हातात पोतं. सिग्नलचा हात आडवा होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तरी ओएल्केर्सने मालगाडी आत घातली.
फलाटावर उभ्या प्रवासी गाडीवर ती आदळली. दोन माणसं गेली. इंजिन ड्रायव्हर हिन्रिख ओएल्केर्स शेवटपर्यंत म्हणत राहिला की हात वर होता. आजोबा म्हणाले, आडवा होता. कोर्टात एकाविरुद्ध एक. बाबांच्या साक्षीने काटा झुकला. ओएल्केर्सला दीड वर्ष तुरुंग. नंतर साखर कारखान्यात बीट धुवायचा. बाबांना त्याच वर्षी तिकीटखिडकी मिळाली.
म्हटलं, बाबांना काय दिसलं त्याचा फोटो काढू, प्रदर्शनात मोठा करून लावू. बाहुली बाजूला केली, फोन त्या दारात टेकवला, फोटो काढला.
फोटोत टॉवर आहे. नुसता टॉवर. माझ्याच हाताने रंगवलेल्या विटा.
सिग्नल नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
शिवणाचा दोरा घेतला. एक टोक मालधक्क्याच्या दारात, दुसरं सिग्नलच्या हाताला. ताणला. दोरा टॉवरच्या बरोबर पोटातून जातो. कडेने नाही — पोटातून.
दाराच्या डाव्या कोपऱ्यातून ताणून पाहिला. उजव्या. बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, मग त्याच्या वर. सगळीकडून विटाच.
जेवलो नाही. रोझविटाने विचारलं काय झालं. म्हटलं, गोंदाचा वास डोक्यात गेलाय.

११ फेब्रुवारी, सोमवार
माझीच चूक असणार. टॉवर नंतर बांधला असेल. नाहीतर दार दुसरीकडे असेल.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
टॉवर १९११ सालचा. नकाशावर लिहिलंय. दार एकच.

१६ फेब्रुवारी, शनिवार
बुर्कहार्डला सांगितलं. तो हसला, मग दोरा पाहिला आणि हसू थांबलं. मोजपट्टी, पेन्सिल, पुन्हा मोजपट्टी. शेवटी म्हणाला, "कोट घाल. जागेवर जाऊ."
गेलो. मालधक्क्यात आता गालिच्यांचं दुकान आहे, दार तेच. टॉवरचा पाया झुडपात सापडला, गोल, भक्कम. सिग्नलच्या काँक्रीटचा ठोकळा सायकलवाटेच्या कडेला. बुर्कहार्ड टॉवरच्या पायावर उंच काठी धरून उभा राहिला, मी दारात. काठीच्या बरोबर मागे ठोकळा. आणि टॉवर काठीसारखा बारीक नव्हता — पाच मीटर रुंद.
दुकानदारीण विचारते, "काही हवंय का तुम्हाला?"
म्हटलं, नुसतं बघतोय.
परतताना बुर्कहार्ड म्हणाला, "वोल्कमार, तुझे वडील चांगले होते रे. मला सायकल त्यांनीच शिकवली." एवढंच. ते जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी, रविवार
बाबा खोटं बोलले. लिहून पाहिलं. अजून खरं वाटत नाही. सासऱ्यांना वाचवायला बोलले, दुसरं काय. म्हणजे तेव्हा सासरे नव्हते, लग्न पुढच्या एप्रिलातलं. होणाऱ्या सासऱ्यांना. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. कोणाला विचारू?

२० फेब्रुवारी, बुधवार
रोझविटाला सांगितलं. तिने हातातला बटाटा सोलून ठेवला. मग — "टॉवर दोन बोटं सरकवलास तर? कोणाला कळणार आहे?"

२१ फेब्रुवारी, गुरुवार
सरकवला.
दिसतो सिग्नल. छान दिसतो.

२३ फेब्रुवारी, शनिवार
बुर्कहार्ड खाली आला, पाहिलं. नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघाला. जिन्यात म्हणाला, "तुझं तळघर, तुझं गाव. पण माझं नाव प्रदर्शनाच्या पाटीवर घालू नकोस."

२४ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये गेझीना ओएल्केर्स ऑर्गन वाजवत होती. हिन्रिखची मुलगी, अडुसष्टची आहे. बाप तुरुंगात गेला तेव्हा शाळेतही जात नव्हती. चाळीस वर्षं तिची पाठ पाहतोय मी, त्या बाकावरून. आज मान वर करवेना.
घरी आलो. सुरीने टॉवर सुटा केला, जुन्या जागी चिकटवला. एक कोपरा मोडला. असू दे.

२ मार्च, शनिवार
तिच्या दारात गेलो. "गेझीनाबाई, एक दाखवायचंय. कॉफी आमच्याकडेच घ्या." तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "हासेलब्रिंगांच्या घरी? साठ वर्षांत पहिलं बोलावणं." पण कोट घेतला.

३ मार्च, रविवार
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.
ती तळघरात उतरली. पूर्ण मांडणी पाहिली, इंजिनावर नजर थांबली. मी काही समजावलं नाही. फक्त दोरा तिच्या हातात दिला, दार दाखवलं, सिग्नल दाखवला. तिने स्वतः ताणला. दोरा टॉवरला टेकला. तिने पुन्हा ताणला. तिसऱ्यांदा ताणताना मी दुसरं टोक धरलं.
"माझे वडील जेवता जेवता असा हात वर करायचे," तिने कोपरापासून हात तिरपा उचलून दाखवला. "असा होता गेझीना, असा. आई म्हणायची, पुरे, सूप गार होतंय. शेवटी शेवटी आम्ही कोणी बघायचोच नाही त्यांच्याकडे."
मी माफी मागितली. शब्द फारच लहान निघाले.
रोझविटाने प्लमचा केक आणला. गेझीनाने एक घास खाल्ला, काटा ठेवला. "तुमच्या वडिलांनी पाहिलं नाही, हे कळलं. पण हात वर होता हे अजून कोणी म्हटलेलं नाही, वोल्कमारसाहेब. मला ते एकदा कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. मरायच्या आधी."
"कोण उरलंय आता?"
"तुमची आई," ती म्हणाली.

९ मार्च, शनिवार
फलाटाचे दिवे लागले. सगळे सोळा. बुर्कहार्ड परत आलाय, तारा जोडतो. मी आईकडे गेलो नाही.
आई — आल्विने — शहाऐंशीची. वृद्धाश्रमात सगळ्यांत खणखणीत डोकं तिचं. पत्त्यांत नर्सला हरवते. तिच्यापुढे हे कसं ठेवू? तिच्या वडिलांचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, दोन्ही एका दोऱ्यात.

१३ मार्च, बुधवार
रोझविटा म्हणाली, "तू नाही गेलास तर गेझीना जाईल. आणि ती गेली तर आईला तू परका होशील." रविवारी जातो.

१७ मार्च, रविवार
आईला फोटो दाखवला. चष्मा न लावताच म्हणाली, "हो. तिथून काही दिसत नसे." फोटो माझ्या हातात परत दिला — "त्या सकाळी तुझे आजोबा तापाने घरी पडले होते; कोर्टात मात्र केबिनमध्ये होतो म्हणाले. त्यांच्या जागी लीव्हर मी ओढला. चुकीचा. ओएल्केर्सला हात वर दिसला, कारण वर मी केला होता. आवाज ऐकून एवाल्ड धावत केबिनमध्ये आला, त्याने मला तिथे पाहिलं. म्हणाला, मी साक्ष देतो, तू मला लग्नाला हो म्हण. तोवर मी त्या माणसाशी धड बोललेही नव्हते."
मी विचारलं, आणि मग?
"मग तू झालास."