वारुळाकडचं माहेर

बारामती, २ ऑगस्ट २०२५

ती. स्वरूपावहिनींना मालतीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. कळंबच्या माळावर आमच्या कॉलेजने झाडांसाठी खड्डे घेतले, त्यात यंत्राने सपाट केलेलं वारूळ तुमचं होतं, हे ऋषिदादाकडून काल कळलं. तेही नागपंचमीला, ज्या दिवशी तुम्ही भाजीसुद्धा चिरत नाही. वृक्षारोपणाच्या पाहुण्यांना तीच तारीख सोयीची होती आणि मी हो म्हटलं.

तुम्हाला भाऊ नाही. आदल्या दिवशी भावाचा उपास धरून तुम्ही नागाला भाऊ मानून वारुळालाच माहेरी जाता, हे मला ठाऊक होतं; ते वारूळ कुठलं, हे नव्हतं. पण कागदावर ‘पडीक’ लिहिलेलं. ज्यावर शेतसारा बसत नाही ते पडीक, हे इंग्रज साहेबाच्या राज्यातलं. झाडं असली तरच निसर्ग, हे माझ्या वर्गातलं. तुमचं नातं दोन्हींत कुठेच बसलं नाही.

तिथे सिमेंटचं वारूळ करून देऊ का? भोवती कठडाही घालते.

उरला असेल तेवढा लोभ राहू द्या.

तुमची,
मालती


कळंब, ९ ऑगस्ट

सौ. मालतीवन्संना स्वरूपाचा आशीर्वाद.

सिमेंटचं ऐकून तुमचे दादा म्हणाले, मेव्हण्याला घरकुल मंजूर झालं! मला हसू आलं न्हाय.

पंचमीला मी लाह्या घेऊन आले, तवा तुमी टाळ्या वाजवत होता. तशीच माघारी फिरले आन पाटावर गंधाचा नाग काढला. नागाला दूध बाधतं असं तुमी सांगितलं, तवापास्नं मी दूध न्यायचं सोडलं. भाऊ जगू दे म्हणून तुमचं ऐकलं. तुमी मला इचारलं न्हाय.

वारूळ माणसाला बांधता येत न्हाय. वाळवी बांधती, मग तो ऱ्हायला येतो.

गौरीला या. राग हाय, पर घर तुमचंच हाय.

स्वरूपा


कळंब, १६ नोव्हेंबर

सौ. मालतीवन्संना आशीर्वाद.

गौरीला तुमी आला न्हाय.

वारुळाच्या जागी तुमी लावलेला आंबा वाळला. बुडाला ओली माती चढलीय. वाळवी माघारी आलीय. कॉलेजचा माणूस म्हणतो, म्याडम औषध पाठवणार हायत. तेवढं पाठवू नका. दुसरं काय मागत न्हाय.

स्वरूपा


बारामती, २१ नोव्हेंबर

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

औषध घेऊन निघालेल्या माणसाला भवानीनगरहून परत बोलावलं. तिथे दुसरं झाड लावायचं नाही, असंही सांगितलं.

गौरीला तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाही.

मुलांनी विचारलं, मॅडम, तुमचाच आंबा कसा गेला? वहिनींच्या भावाचं घर उभं राहतंय, हे वर्गात तोंडातून निघेना. पाणी कमी पडलं, असं मी म्हणाले. मुलांनी ते लिहूनही घेतलं.

पुढच्या पंचमीला तुमच्याबरोबर येऊ का? लाह्या मी फोडून आणीन. हवं तर लांब उभी राहीन.

लोभ मागत नाही. फक्त या वेळी आधी विचारते आहे.

मालती