पाण्यासारखं निवळ

आई, आज तुला लिहावंसं वाटतंय. लातूरला शिकले, आता नांदेडच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करते. हे बघायला तू हवी होतीस. किनवटच्या वसतिगृहातला तुझा स्वयंपाक अजून डोळ्यांपुढं आहे. तू चुलीपुढं बसून पोरांच्या भाकरी थापतेस, डोक्याला पदर करकचून आवळलेला. मी खिडकी उघडते तशी तू खेकसतेस, "लाव ती! उजेड टोचून राहिला डोळ्यात." तुला एचआयव्ही आहे एवढं कळलं होतं, डोकं कशानं दुखतं ते कुणालाच कळलं नाही. "ताप मेंदूत गेला," म्हणाले. शेवटी तू मलाही ओळखलं नाहीस.

मागं देगलूरकडची एक बाई दवाखान्यात आली. एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सुटलेल्या, डोकं ठणकतंय, नवऱ्याला ओळखेना. डॉक्टरांनी तिच्या मणक्यातून पाणी काढलं. ती नळी माझ्याकडं आली, तिच्यामागून नवराही दारात येऊन उभा राहिला.

"म्याडम, ह्ये तर नुसतं पाणी हाय. ह्याच्यात काय दिसनार?"

खरंच, पाण्यासारखं निवळ होतं. पण ते मेंदूभोवती फिरून येतं, तिथली खबर घेऊन येतं. मी त्यात तपासणीची पट्टी बुडवली. थोड्या वेळात तिच्यावर दोन रेघा उमटल्या. पहिली रेघ पट्टी चालते एवढंच सांगते. बुरशी असली, की तिच्या अंगावरून सुटलेले कण ती दुसरी रेघ उमटवतात.

"त्यांच्या डोक्यात बुरशी शिरलीय," मी म्हणाले.

"औषिद हाय का?"

"हाय."

आई, एवढं बोलून मी डॉक्टरांना कळवायला धावले.

औषध सुरू झालं. पुन्हा पुन्हा पाणी काढून डोक्यातला दाब उतरवला. एका सकाळी ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अवो, दाढी किती वाढली तुमची! आजारी हाय का तुमी?" तो हसता हसता रडायला लागला. काल ती आपल्या पायांनी चालत घरी गेली.

तुला हाच आजार होता का, मला माहीत नाही. तुझं पाणी कुणी काढलंच नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक सांगते. निदान कळवून झाल्यावर मी तिच्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काळ्याभोर अंधारात बुरशीच्या एकेका पेशीभोवती लखलखीत कडं होतं. माणसं मारणारी ती बुरशी मला फार सुंदर दिसली. काम संपलं होतं, तरी मी बघतच बसले.