जिंकणाऱ्या बाजूची सही

बाबा,

गेल्या रविवारी दुपारी मी पोह्यांना फोडणी देत होते आणि तुमच्या नातीचा फोन आला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी ती झाली. आता ती त्याच युनिव्हर्सिटीत शिकते जिथे मी एमएस केलं, आणि फावल्या वेळात तिथल्या क्रीडा विभागाच्या ऑफिसात काम करते. काम काय, तर कॉलेजच्या फुटबॉल संघाचे पहिल्या दिवसापासूनचे सगळे विक्रम एका जुन्या छापील पुस्तकात आहेत, ते वेबसाइटवर चढवताना ओळ न् ओळ ताडून पाहायची. हे तिने मला ऑगस्टमध्ये सांगितलं तेव्हा मी आनंदाने एवढी ओरडले की तिला वाटलं मला काहीतरी चावलं. पोस्टातली नोकरी सांभाळून तीस वर्षं कबड्डीचे गुण लिहिणाऱ्या माणसाच्या नातीला कोणी न सांगता हेच काम मिळावं!

तर फोनवर ती म्हणाली, "आई, तू आणि आजोबा गेला होतात ती मॅच, दॅट वॉज द लास्ट होम गेम, राइट?" मी म्हटलं, हो, तीच. ती म्हणाली, "सो... इट्स स्टिल लिस्टेड. पण तिच्यासमोर स्टार आहे. द विन इज व्हेकेटेड, आई. टेक्निकली दॅट विन डझंट काउंट." मी गॅस बंद केला. पोहे तसेच राहिले.

व्हेकेटेड म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. त्या सीझनला आपल्या संघातला एक खेळाडू नियमाबाहेर खेळत होता असं पुढे काही वर्षांनी ठरलं, आणि त्या सीझनचे सगळे विजय एकूण बेरजेतून वजा झाले. बातमी मी तेव्हा वाचलीही होती. लेक तापाने फणफणलेली, व्हिसाचे कागद टेबलभर पसरलेले, त्यात ही बातमी वाचली आणि सोडून दिली. त्या विजयांत आपली मॅच आहे हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही परत गेल्यावर मी स्टेडियममध्ये पाऊल टाकलेलं नाही, त्यामुळे माझ्यालेखी या संघाने एकच सामना खेळला आणि तो जिंकला.

पोरीने लिंक पाठवली, ती मी दुपारभर वाचत बसले. बाबा, ते पान तुम्ही पाहायला हवं होतं. एका सामन्यातले सर्वात जास्त गुण, सर्वात लांबची किक, सलग किती सामने जिंकले, सलग किती हरले, गर्दी सर्वात जास्त कधी होती. स्वतःचा सर्वात वाईट पराभवही त्यांनी लिहून ठेवलाय, कोणापुढे, किती गुणांनी, सगळं. तुम्ही चष्मा पुसून म्हणाला असता, "माणसं इमानदार आहेत." मग वर्षवार यादीत मी आपली मॅच शोधली. समोरच्या संघाचं नाव, गुण, जिंकल्याचं अक्षर, आणि त्याच्या डोक्यावर माशी बसावी तेवढा तारा. मग मला एक शंका आली म्हणून मी त्या दुसऱ्या संघाचं पान उघडलं. तिथे त्यांची हार तशीच आहे. नियमच तसा आहे म्हणे, जिंकणाऱ्याचा विजय काढून घेतात, हरणाऱ्याची हार मात्र राहते. म्हणजे त्या दिवशी कोणीतरी हरलं, पण जिंकलं कोणीच नाही. मी एकटीच हसले, आणि मग मला रडू आलं. मला अजून हे नीट सांगता येत नाही, पण या देशात तुमचा माझा मिळून एकच दिवस होता आणि तो कोणीतरी बेरजेतून काढला असं वाटलं.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. आपल्या नागपूरच्या घरातलं स्वयंपाकघर आठवा. आई भाकरी थापतेय, तुम्ही जमिनीवर पाटावर कागद ठेवून उद्याच्या सामन्यांची गुणपत्रकं आखताय. छापील मिळत नाहीत म्हणून तुम्ही पट्टीने आखायचात, एकापासून पुढे आकडे, प्रत्येक गुणाला एका आकड्यावर तिरकी रेघ, लोण चढला की चौकट, बोनसला त्रिकोण. मी आठ वर्षांची आहे आणि मला मदत करायची आहे. एका जुन्या पत्रकात तुम्ही चुकून मारलेली रेघ मला दिसते, आणि मी ती खोडरबराने छान साफ करते. कागद दाखवायला आणते, शाबासकीसाठी. तुम्ही माझ्यावर हात कधी उगारला नाहीत, पण त्या दिवशीचा तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. "खोडून काऊन राहिली? खोडायचं नाही. चुकलं तर त्याच्यावर रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. पुढच्या माणसाला समजलं पाहिजे का इथं काय होतं." आई म्हणाली, अहो, लेकरू आहे. तुम्ही म्हणालात, लेकरू आहे म्हणूनच सांगतो.

तुमच्या त्या रागाचं कारण मला फार उशिरा समजलं. माझ्या जन्माआधी आपल्या वस्तीचा संघ तालुक्याला फायनल जिंकला होता, आणि दुसऱ्या दिवशी संयोजकांनी एक पोरगा बाहेरचा आहे म्हणून निकाल फिरवला. पोरगा बाहेरचा नव्हता, आपल्याच गल्लीतला होता. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, कोणी तोंडाने बोललं नाही. त्यांच्या वहीत ती मॅच कोरी झाली. तुमच्या पेटीत मात्र ते गुणपत्रक होतं, दोन्ही कर्णधारांच्या सह्यांचं, आणि हरलेल्या कर्णधाराची सही पाहुण्यांना दाखवताना तुमचा चेहरा उजळायचा. तेव्हापासून तुमचा नेम ठरलेला होता, दोन्ही बाजूंची सही घेतल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. गल्लीतल्या पोरांचा खेळ असला तरी.

मग तुम्ही अमेरिकेत आलात, एकदाच, माझ्या पदवीदानासाठी. आई गेल्याला वर्ष झालं होतं. तुमच्या बॅगेत दोन शर्ट, हळद-तिखट, बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि तुमचं क्लिपचं पॅड. मी म्हटलं, बाबा, पॅड कशाला आणलं? तुम्ही म्हणालात, "असू दे. कुठं काही खेळ असला तर." आणि खेळ होता. मी विद्यार्थ्यांची दोन तिकिटं मिळवली. पोळीभाजीचा डबा घेऊन निघालो, तर गेटवर पिशव्या तपासणाऱ्या बाईने डबा आत नेऊ दिला नाही. ठेवायला गाडी नव्हती, मग आपण गेटबाहेर उभ्या उभ्या तो संपवला, आणि तुम्ही तिलाही एक पोळी देऊ केलीत. ती म्हणाली, "नो, थँक यू, सर." तुम्हाला कोणी सर म्हणालं याचंच तुम्हाला कौतुक.

इथलं फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं नव्हे, लांबट चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, हे मी तुम्हाला समजावत होते. पाचव्या मिनिटाला तुम्हीच मला समजावायला लागलात. "अगं, हे तर आपली कबड्डीच होय. तो पाह्य, चढाई करून राहिला. पकड... पकड... घोटा धर त्याचा!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतायत आणि तुम्ही उभे राहून मराठीत घोटा धरायला सांगताय. तुमची एकच तक्रार होती. हे दम कुठे मोजतात? श्वास घेऊ देतात म्हणजे निम्मा खेळ कमीच. पॅडवर तुम्ही गुणपत्रक आखून आणलं होतं. एकदम सहा गुण म्हणजे लोणासारखी चौकट, नंतरच्या किकचा एक गुण म्हणजे त्रिकोण. मी सांगेन तसं तुम्ही लिहीत गेलात. नंतर नंतर सांगावंही लागलं नाही. शेवटी समोरच्या मोठ्या बोर्डावरचे आकडे आणि तुमची बेरीज जुळली, तेव्हा तुम्ही मला कोपराने ढोसलंत. तेवढे खूश मी तुम्हाला आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पत्रकाखाली तुम्ही दोन ओळी आखल्या होत्या. पराभूत बाजू, विजेती बाजू. तुमच्या उजवीकडे दुसऱ्या संघाच्या रंगाची टोपी घातलेले एक आजोबा बसले होते, संघ हरल्यामुळे गप्प. तुम्ही पॅड त्यांच्यापुढे धरलंत. "सर, युवर साइड. साइन प्लीज." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्यांनी पॅड हातात घेतलं, चौकटी, त्रिकोण, तिरक्या रेघा बोटाने वाचत गेले. तुम्ही त्यांना खुणेने एकेक दाखवत होतात. दोघं म्हातारे एका कागदावर वाकलेले, आजूबाजूला हजारो माणसं ओरडतायत. ते म्हणाले, "यू कीप अ गुड बुक, सर. यू बीट अस फेअर." आणि त्यांनी नीट, सावकाश सही केली.

मग तुम्ही पॅड माझ्याकडे वळवलंत. "आता तू. जिंकणाऱ्या बाजूची." पाठीमागच्या रांगेत माझ्या लॅबमधली मंडळी होती. त्यातली एक हसत कोणाला तरी म्हणाली, "यार, तिचे बाबा ऑटोग्राफ घेतायत." मी तुमच्याकडे न बघता म्हटलं, "बाबा, पुरे ना आता. चला, नंतर पार्किंगमध्ये अडकू." तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हो, हो. चल. अडकायला नको," म्हणालात आणि उठलात. घरापर्यंत तुम्ही त्या खेळाबद्दलच बोलत होतात. सहीचं पुन्हा काढलं नाहीत, मीही नाही.

पदवीदान झालं, तुम्ही परत गेलात. जाताना पॅड माझ्या कपाटात ठेवलंत, पुढच्या वर्षी येईन तेव्हा लागेल म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या छातीत कळ आली, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पॅड माझ्याबरोबर पाच घरं फिरलं. क्लिपला गंज चढलाय. या सगळ्या वर्षांत मी ते उघडून पाहिलं नाही, कारण त्यातली एक ओळ कोरी आहे हे मला माहीत होतं.

आज काढलं. वर हरलेल्या बाजूची सही, निळ्या शाईत, अजून स्पष्ट. खाली जिंकणाऱ्या बाजूची ओळ कोरी. आणि तिकडे त्यांच्या पानावरही अगदी हेच, हरलेला आहे, जिंकलेला नाही. त्यांनी निदान खोडलं तरी नाही, बाबा, तारा लावलाय, खालचं दिसतंय. त्यांच्या नियमाबद्दल मला भांडायचं नाही. तो पोरगा खरंच नियमाबाहेर असेल. पण तुमच्या पत्रकावरचा विजय कोणत्या समितीने नाही काढला. तो मी कोरा ठेवला, आणि तो भरायला तुम्ही हवे होतात, पॅड पुढे करून "आता तू" म्हणणारे. मला ते दोन शब्द पुन्हा ऐकायचे आहेत. दुसरं काही नको.

पोरीला फोटो पाठवला. तिने विचारलं, "आई, हू साइन्ड?" मी सांगितलं. मग तिने विचारलं, "अँड अवर साइड?" मी म्हटलं, थांब जरा, आणि फोन ठेवला.

सही केलीय. थोडी वाकडी आलीय, पण खोडणार नाही. हे पत्रही त्याच क्लिपला लावून ठेवते, याला पत्ता नाही. फक्त एक राहिलंय, ते त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तरी सांगायला हवं होतं. पार्किंगमध्ये आपली गाडी नव्हती, बाबा. आपण चालत आलो होतो. आणि हे तुम्हाला माहीत होतं.