पांढऱ्या पट्टीतली काडी

हॅरो, लंडन
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय शशी,

रेखावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? नकुलचं नव्या ऑफिसात बस्तान बसलं? मायराचा खोकला गेला? मी ठणठणीत आहे. तुझी चौकशी मुद्दाम मागे ठेवलीये.

तू पाठवलेली काडी मिळाली. पाकिटावर तुझ्या ठसठशीत अक्षरात 'स्कॉटलंड, आपला नेहमीचा कडा, डोंगरी विलो'. काडीवरच्या बुरशीच्या वाट्या सुकून मिटल्या होत्या. थेंबभर पाणी घातलं, चहा पिऊन होईतो उघडल्या. मोहरीएवढ्या, आतून तपकिरी, काठ काळा. म्हटलं, सापडली! जिच्यापायी आपण दोघा म्हाताऱ्यांनी इतके उन्हाळे ढोपरं फोडून घेतली, ती बुरशी हीच.

पण बुरशीला नाव द्यायच्या आधी झाड ओळखायचं, हे तूच माझ्या डोक्यात भरवलंस. काडी आडवी कापली, भिंग लावलं. डोंगरावरची विलो वर्षाला केसाएवढी जाड होते, एवढ्याशा काडीत वलयांची नुसती दाटी असते. हिच्यात दोनच, ऐसपैस. ही सपाटीवरची विलो आहे, शशी. कार पार्कच्या कडेला माजते तसली.

आणि झाड ओळखायला तू चुकत नाहीस.

तू कड्यावर म्हणून गेलास त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. "भावोजी, वर वारा असेल, आमच्या माणसाला कानटोपी घालायला लावा हं. जवळ आहेत का?" मी इथे स्वयंपाकघरात भेंडी चिरत होतो. मला तर तू एकटाच जातो म्हणाला होतास. तरी म्हटलं, "पुढे गेलाय, वहिनी."

त्यानंतर तुला फोन केले. तू हवामानावर बोललास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.

काडीला गुंडाळलेली ती पांढरी पट्टी. रक्त काढल्यावर कापसावर लावतात ती. म्हणजे कड्याऐवजी तू हॉस्पिटलात होतास. आमच्या संसाराच्या शेवटच्या दिवसांत माझ्या सुनेत्राच्या हातावर मी ती रोज पाहिली आहे. तिनेही आधीचं सगळं एकटीनेच उरकलं, मला त्रास नको म्हणून. माझ्या वाट्याला फक्त शेवट आला. आजाराचा राग कधीच निवला, त्या न सांगण्याचा अजून निवत नाही. वहिनींवर ती पाळी आणू नकोस रे.

बुरशी सापडल्याची नोंद मी कुठेही पाठवलेली नाही. आपल्या दोघांच्या नावावर खोटा डोंगर चढवणार नाही.

वहिनी रविवारी पुन्हा फोन करणार आहेत. "पुढे गेलाय" हे दुसऱ्यांदा माझ्या तोंडातून निघायचं नाही.

हे पत्र बुरशीच्या पाकिटात घालतोय. त्याला वहिनी चिमट्यानेसुद्धा हात लावत नाहीत, म्हणजे तुझ्याच हाती पडेल. आधी त्यांना सांग, मग मला. काय निघालं, किती निघालं, जे असेल ते. दोन ओळी पुरेत, पण शनिवारच्या टपालात हव्यात.

तुला सोडून वर न जाणारा, कड्याखाली थांबलेला,
ज्ञाना