मोटरीतल्या बाईची हकीकत

ती. देवराव भाऊ, मुक्काम गडचांदूर, यांस आरमोरीकडून तुमच्या लहान बहिणीचा मालक मुखरू याचा वाकून रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनीले नमस्कार सांगाल. इकडे धानाची रोवणी झाली, म्हस व्याली, अन् तुमच्या बहिणीची, आशाबाईची, तब्येत ठणठणीत आहे. (आवाज तं त्याहून ठणठणीत आहे.)

मागच्या खेपेले तुम्ही विहिरीवरच्या मोटरले मोबाईलवाला स्टार्टर बसवून देल्ला. खाटेवरून फोन लावा, वावरात मोटर चालू. लाईन आली का स्टार्टरचा डबाच मले फोन करते. लय बेस. पण फोनवर बाई बोलते, हे तुम्ही सांगतलं नाई. पहिला फोन आला तवा मी आंघोळीले बसलो होतो. आशाबाईनं उचलला. तिकडून साखरेसारख्या आवाजात, “नमस्कार, लाईन आली आहे, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.” आशाबाईनं तिले गाव विचारलं, कोणाची कोण विचारलं. ते बाई पुन्हा म्हणे एक दाबा. त्या दिवशी माह्या ताटात कोरडी भाकर आली, बाजूले मीठही नाई.

मंग शेजारची दामिनी (गडचिरोलीले पॉलिटेक्निक शिकते) समजवाले आली. “काकू, बाई नाई हो ते. डब्यात नखाएवढा कॉम्प्युटर आहे. त्याले एकच काम शिकवलं, तेवढंच तो जन्मभर करते.” तिनं आमाले घरभर फिरवलं. कपडे धुवाच्या मशीनीत तसाच एक, टीव्हीत एक, लाईटच्या मीटरात एक, दंड आवळून बीपी सांगते त्या यंत्रात एक, राशन दुकानाच्या काट्यातही एक. पडदा नाई, बटनांची पाटी नाई, चुपचाप पोटात बसून कोणी पाणी पाह्यते, कोणी वजन, अन् आपलं काम करते. भाऊ, मले असा हरिख झाला का मी मीटरले नमस्कार केला. आमच्या घरात माणसापरीस कॉम्प्युटर जास्त निंगाले, अन् त्यातला एकही उलटून बोलत नाई.

त्याच हप्त्यात आपल्या पोरीले, दिव्यानीले, पाहाले वडश्याकडले पाहुणे येणार होते. बापूराव अन् त्याचा पोरगा प्रणित. या आधी दोन ठिकाणं हातची गेली, म्हणून आशाबाई सकाळपासून देवापुढून उठली नाई. पाहुणे कुठवर आले म्हणून मी बापूरावले फोन लावला. एका बाईनं नमस्कार म्हंतला. मले वाटलं, विहीणबाई. मी म्हंतलं, या या, सरळ वावराजवळच्या पांदणीच्या रस्त्यानं या, अन् ठेवून देल्ला.

भाऊ, तो फोन मोटरले लागला होता.

धानाची बांधी आधीच तुडुंब होती. पाणी धुऱ्याच्या बांधावरून पांदणीत उतरलं अन् पाहुण्याची गाडी बरोबर मधात फसली. आमी धावत गेलो तं ड्रायव्हर गाडी मागं घेऊन राह्यला, चाकं जागीच फिरून राह्यली, अन् गाडीच्या बुडातून एक बाई, “ध्यान दीजिए, गाडी पीछे आ रही है.” गाडी तं बोटभर हालत नव्हती. आशाबाई थबकली अन् हळूच मले म्हणे, “हेही तुमच्याच वळखीची का?”

बापूराव उतरले अन् गुडघ्यापर्यंत गेले. मले वाटलं, गेलं हेही ठिकाण. तेवढ्यात नवी साडी खोचून दिव्यानी चिखलात उतरली, चाकाखाली धानाची वाळली तणस टाकली, अन् प्रणितले म्हणे, “पाहून काय राह्यले, लोटा.” त्यानं पँट वर केली अन् लोटू लागला. लोटता लोटता तिनं त्याले शेती येते का, दारू पेते का, सारं विचारून घेतलं. गाडी निंगाली तवा दोघंही म्हशीसारखे माखले होते, अन् हासू थांबत नव्हतं. बापूरावनं पाय धुवाच्या आधीच होकार देल्ला. ते म्हणे, ही पोरगी आमच्या घराले पाह्यजेच.

साक्षगंधाले वहिनीले घेऊन या.

तुमचा,
मुखरू

ता.क. पत्र काऊन लिवलं, तं माहा फोन आता आशाबाईपाशी असते. मोटर तेच चालवते. मी नवा फोन घेतला, पण त्यात तुमचा नंबर नाई, अन् तुमचा स्टार्टर अनोळखी नंबराचं ऐकत नाई. माह्याच वावरातली मोटर मले वळखत नाई, भाऊ. येसान तवा माहा नंबर टाकून द्या, बाकी सारी हकीकत त्यासाठीच.

ता.क. दुसरं. आशाबाईनं पत्र वाचलं. नंबर टाकू नका म्हणते.