साठ लिटर समुद्र

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (एरवी हे शब्द पत्रात नुसते लिहायचे असतात. पण चार महिन्यांपूर्वी तो नमस्कार मला हॉलच्या ओल्या फरशीवर आठही अंगांनिशी खरोखर घडला, त्यामुळे या वेळचा तरी मनापासूनचा समजावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन एव्हाना झालं असेल. आता त्यांना मी पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसेन, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो. इकडे मी ठीक आहे. जेवतो, फिरायला जातो, पेपर वाचतो, दूध आठवड्यातून एकदाच उतू जातं.

नऊ महिन्यांनी पत्र लिहितोय, तेही फोन हाताशी असताना, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता, आणि त्या "हं"नंतर काय बोलावं ते मला सुचत नाही. पत्रात तुम्हाला मध्येच "हं" म्हणता येत नाही, ही मोठी सोय आहे. काम एकच आहे. तुमच्या घरासमोरच्या, म्हणजे हिच्या माहेरच्या समुद्राचं वीस लिटर पाणी हवं आहे. कॅन मी पाठवतो, भरून तेवढं कुणाबरोबर तरी धाडा. निवृत्त फार्मासिस्टला समुद्र कशाला लागतो, ते आता सविस्तर सांगतो.

हिच्या तपासण्यांसाठी आम्ही ज्या दवाखान्यात जायचो, तिथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी होती. लहानशीच, आत दगड, दगडावर डोलणारं काहीतरी, आणि दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. ही बरोबर त्यांच्यासमोरची खुर्ची धरायची. आमचा नंबर पुकारला की शेजारच्या माणसाला म्हणायची, तुम्ही जा आधी, आम्हाला घाई नाही. (दादा, घाई होती. रिपोर्ट माझ्या हातात असायचा.) एकदा तिथेच बसून म्हणाली, आपल्या घरी अशी एक ठेवू या. मी म्हटलं, बघू. माझ्या संसारातली निम्मी उत्तरं "बघू" हीच आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती गेल्यावर पाचव्या महिन्यात मी टाकी विकत आणली. उशीर झाला हे कबूल, पण मी "नाही" असं कधीच म्हटलं नव्हतं.

टाक्यांचं दुकान एक बाई चालवतात. कपाळावर चष्मा, हात कोपरापर्यंत कायम ओले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, काका, नवशिक्यांनी मोठी टाकी घ्यावी, लहान टाकीत चूक लपत नाही. मला हे काही पटलं नाही. लहान मुलाला लहान डोस, तसा नवशिक्याला लहान समुद्र, असा साधा हिशेब करून मी साठ लिटरची घेतली. मीठ वेगळं मिळतं, पिशवीतलं, लिटरला पस्तीस ग्रॅम. म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. माझा औषधांच्या दुकानातला जुना तराजू शंभर ग्रॅमपर्यंतचा, तेव्हा एकवीस वेळा तोललं. बादल्यांमध्ये ढवळलं, विशिष्ट गुरुत्व मोजलं, एक पूर्णांक शून्य पंचवीस, काटा केसभर इकडेतिकडे नाही. सदतीस वर्षं मिश्रणं बनवली, पण इतकं देखणं एकही झालं नव्हतं. मग ते टाकीत काठोकाठ भरलं, आणि त्यानंतर मला आठवलं की दहा किलो दगड आत ठेवायचे राहिलेत.

दगड आत गेले. जेवढे दगड आत गेले तेवढं पाणी बाहेर आलं. हे कुणीतरी हजारो वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय म्हणतात, मी नव्याने शोधलं. मी फडक्यासाठी धावलो आणि वर लिहिलेला नमस्कार घडला. पडल्यापडल्या मला पहिलं वाटलं ते हे, की आता ही आतून येईल आणि आधी हसेल, मग उठवेल. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका. त्यांच्या छतातून थेंब गळायला लागले होते. एक त्यांच्या ओठांवर पडला म्हणून त्या चिंतेत होत्या. तुमच्या नळाला खारट पाणी येतं का, असं त्यांनी मला जमिनीवर पाहून अगदी शांतपणे विचारलं.

यानंतर जे झालं ते म्हणजे काहीच नाही. काहीच नाही, आणि तेही सहा आठवडे. खाऱ्या टाकीत मासे लगेच सोडत नाहीत दादा. आधी पाणी पिकावं लागतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू दगडांवर वस्तीला यावे लागतात, आणि ते यावेत म्हणून आत मेलेली कोळंबी टाकून ती कुजू द्यायची. तर रोज संध्याकाळी दिवा लावून मी रिकाम्या टाकीसमोर बसायचो, आत एक कोळंबी कुजत असायची. अशा वेळी माझी थोरली बहीण मला बघायला आली. बिचारी शेजारी बसली, दहा मिनिटं पाण्याकडे बघत राहिली, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, मासा कुठे आहे रे? मी म्हटलं, अजून यायचाय. आत वास कसला येतोय? मी म्हटलं, तो हवाच आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने माझ्या भाच्याला फोन केला. भाचा डॉक्टर आहे, मनाचा. त्याच्याशी वीस मिनिटं मी अत्यंत शहाण्या माणसासारखं बोललो, आणि त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला. खरं सांगायचं तर ते सहा आठवडे मला बरे गेले. वाट बघायला काहीतरी होतं.

मग मासे आले. दोन, दवाखान्यात होते तसेच, एक मोठा, एक छोटा. त्यांना पिशवीतून थेट टाकीत ओतायचं नसतं, टाकीचं पाणी थेंबाथेंबाने त्यांच्या पाण्यात सोडायचं, दीड-दोन तास, म्हणजे त्यांना धक्का बसत नाही. त्यासाठी बारीक नळी लागते. माझ्याकडे नळी होती. हिला शेवटी घरीच सलाईन लावायचो, त्यातला एक नवा संच कपाटात उरला होता, चाकासकट. मी तो पडद्याच्या दांडीला अडकवला, खाली बादली ठेवली, घड्याळ लावून थेंब मोजायला बसलो. मिनिटाला चाळीस. हात आपोआप चाकावर गेला, कमी-जास्त करत राहिला. त्या दोन तासांत मी एकदाही उठलो नाही. त्या वेळीही उठलो नव्हतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

आता चुकीवर येतो. टाकीतलं पाणी दिव्याने, पंख्याने रोज थोडं कमी होतं. दोन दिवसांत अर्धा लिटर. मी ते पहिल्या दिवसापासून इमानेइतबारे भरून काढत होतो. मिठाचं पाणी, तोलून बनवलेलं, लिटरला पस्तीस ग्रॅम, ना कमी ना जास्त. टाकीतलं पाणी मात्र मी पुन्हा कधी मोजलं नाही. बरोबर बनवलेलं औषध पुन्हा मोजायचं नसतं, अशी माझी सवय. महिना बरा गेला. मग मोठा मासा कोपऱ्यात जाऊन राहिला. खाईना. श्वास भराभर घ्यायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी तो दगडाच्या मागे आडवा दिसला. दादा, मी एका माशासाठी रडलो. इतके महिने मी सगळ्यांसमोर कोरडा होतो, तुम्ही ते पाहिलंत आणि तुम्हाला त्याचा रागही आला असेल. पण बोटाएवढ्या माशापाशी माझं धरण फुटलं, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभा राहिलो.

बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेलो. बाईंनी मोजलं. एक पूर्णांक शून्य चौतीस. त्यांनी विचारलं, कमी झालेलं पाणी कशाने भरता? मी अभिमानाने कृती सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, काका, पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, ते सगळं आतच राहतं. वरून नुसतं गोडं पाणी घालायचं असतं. दादा, हे कुठल्याही शाळकरी मुलाला मी समजावून सांगितलं असतं. सदतीस वर्षं द्रावणं करणाऱ्या माणसाने रोज थोडंथोडं मीठ वाढवत नेलं, आणि रोज त्याला वाटत होतं की आपण नेमकं तेच करतोय जे करायला हवं. मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं प्यायला. मग मला बरं वाटावं म्हणून एक माहिती सांगितली. या जातीत मोठी असते ती मादी. ती गेली की राहिलेला छोटा नर हळूहळू वाढतो आणि स्वतःच मादी होतो, घरातली तिची जागा घेतो. मी मान डोलावली. मला नऊ महिन्यांत दूधसुद्धा जमलेलं नाही.

छोटा अजून आहे. पाण्याचा खारेपणा आता हळूहळू उतरवतोय, बाई सांगतात तसं. पण तो सारखा त्याच कोपऱ्यात जातो जिथे ती बसायची, आणि माझ्या हातच्या पाण्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. म्हणून मनात आलं की हिच्या समुद्राचं खरं पाणी आत घालावं, ज्यात मीठ मी तोललेलं नाही.

शेवटचं. तिच्या तेराव्यानंतर जाताना दाराशी चपला घालत तुम्ही म्हणालात, पहिलं वर्ष सोडलं तर सव्वीस वर्षांत तिला चार दिवस निवांत समुद्रावर पाठवलं नाहीत. आली ती आई-वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात, पायही ओले न करता परत गेली. मी म्हटलं, दुकानात रजा मिळत नव्हती. ते उत्तर तुम्हाला तोकडं वाटलं, पण तुम्हीच विचार करा. दुकानात परवाना असलेला माणूस मी एकटा. मी नसलो की शटर खाली. मालक माणूस कडक. दरवर्षी ही बॅग भरायची आणि दरवर्षी मालक नाही म्हणायचा. मी तरी काय करणार होतो? हे एकदा शांतपणे लिहून कळवायचं होतं. राग सोडावा.

वहिनींना नमस्कार. कॅनचं तेवढं बघावं.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी दुकानातल्या बाईंना विचारून आलो. किनाऱ्याचं पाणी अजिबात नको म्हणाल्या, त्यात काय काय वाहून आलेलं असतं सांगता येत नाही, उरलेला मासाही जाईल. तेव्हा कॅन पाठवत नाही. वरची चार पानं खरं तर फाडायला हवीत, पण पुन्हा एवढं लिहायचा धीर माझ्यात नाही.

ता. क. २ : मालक कडक नव्हता. मी रजा कधी मागितलीच नाही. दरवर्षी संध्याकाळी घरी येऊन सांगायचो, नाही म्हणाला. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यात, ती तर कुठल्या कुठे, आणि मी काठावर सात जोड चपला राखत बसलेला. मला पाण्याची भीती वाटते. आणि त्या दिवशी ती जितकी हसली तितकी माझ्या घरात कधी हसली नव्हती, तेही पाहिलं होतं. एकटी जा म्हणायचो, पण म्हणताना माझा चेहरा असा व्हायचा की ती मुकाट्याने बॅग रिकामी करायची. तिने एकदाही मालकाबद्दल काही विचारलं नाही. तिला ठाऊक असावं. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून लिहिलं. आता राग सोडू नका, पण पत्र फाडूही नका, खाली अजून थोडं आहे.

ता. क. ३ : पुढच्या महिन्यात मी येऊ का? माशाची सोय झाली आहे. खालच्या शिक्षिका रोज येऊन खुणेपर्यंत पाणी भरणार आहेत, साधं. बॅग भरायचाही प्रश्न नाही, शेवटच्या वर्षी तिने भरलेली तशीच कपाटात आहे, ती रिकामी करायला तिला जमलं नाही आणि माझं मन धजत नाही. ती घेऊन येईन. मला गुडघ्याएवढ्या पाण्यात जायचं आहे, जास्त नको, पण एकट्याने होणार नाही, तुम्ही हात धरायला हवा. चपला वहिनी राखतील का, विचारून ठेवा.